रीडमीचा नट्टापट्टा

तर मंडळी, आज जरा भांडायचंय. मार्कडाउनशी नाही, मार्कडाउन म्हणजे मेकअपची पेटी समजणाऱ्यांशी.

जॉन ग्रुबरने २००४ साली मार्कडाउन काढलं. सिंटॅक्स ठरवताना ॲरन स्वार्ट्झची मदत झाली. त्यातल्या बऱ्याच खुणा नव्या नव्हत्याच. साध्या टेक्स्टच्या ईमेलमध्ये लोक शब्दाला दोन्हीकडून * लावून जोर द्यायचे, तीच पद्धत त्याने उचलली. हेतू एकच : फाइलचं एचटीएमएल न करताही ती आहे तशी माणसाला वाचता यावी.

आता आजची एखादी रीडमी उघडा. वर रंगीत बिल्ल्यांची रांग, प्रत्येक मथळ्यापुढे रॉकेट, मधेच कच्च्या एचटीएमएलचं टेबल आणि दर वाक्यात तीन शब्द बोल्ड. अहो, सगळंच महत्त्वाचं असेल तर महत्त्वाचं काय? रात्री दोन वाजता सर्व्हरवर, टर्मिनलमध्ये ही फाइल वाचणाऱ्याला त्या रॉकेटचा काय उपयोग? नाकापेक्षा मोती जड!

पण नट्टापट्टा एकवेळ परवडला. खरा घात करतात ते बुलेट. समजा, पोस्टग्रेसच्या अपग्रेडच्या डॉक्युमेंटमध्ये तीन बुलेट आहेत : डेटा फायली कॉपी करा, सर्व्हर बंद करा, नवीन व्हर्जन टाका. दिसायला एकदम सुटसुटीत. पण डेटा फायली नुसत्या कॉपी करून बॅकअप घ्यायचा असेल तर सर्व्हर आधी बंद हवा. चालू सर्व्हरच्या फायली उचलल्यात तर तो बॅकअप भरवशाचा नाही, आणि हे कळणार कधी, तर रिस्टोअर करायची वेळ आल्यावर. बुलेटमध्ये क्रम नसतो, आणि 'कारण' हा शब्द तर कधीच नसतो. 'आधी सर्व्हर बंद करा, कारण कॉपी चालू असताना फायली बदलत राहतात' हे एक साधं वाक्य त्या तीन बुलेटांपेक्षा जास्त काम करतं.

बरं, आकडे टाकले म्हणून सुटलात असंही नाही. बरेच जण प्रत्येक पायरीला '१' हाच आकडा देतात, कारण पुढचे आकडे मार्कडाउन आपोआप लावतं. पण दोन पायऱ्यांच्या मधे कोड ब्लॉक टाकला आणि तो नीट आत सरकवला नाही, की यादी तिथेच तुटते आणि पुढची पायरी पुन्हा १ नंबरची होते. पानावर १, १, १! वाचणाऱ्याने फोनवर 'मी तिसऱ्या पायरीवर अडकलोय' सांगायचं तरी कसं?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "लोक वाचत नाहीत हो, नुसती नजर फिरवतात." मान्य. म्हणून तर मथळे नेमके हवेत आणि कमांड कोड ब्लॉकमध्ये, जशीच्या तशी कॉपी करता येईल अशी हवी. पण नजर फिरवणारा माणूस एकदा योग्य जागी पोचला की तिथे थांबून वाचतोच. तिथे त्याला अर्धवट शब्दांचे तुकडे मिळाले तर तो अंदाजाने कमांड मारतो. प्रॉडक्शनवर.

हल्ली तर एआयला सांगितलं की मिनिटात डॉक्युमेंट हजर : मथळे, बुलेट, बोल्ड, सगळं जागच्या जागी. ते बघून मॅनेजरही खूश. पण तुमच्या सिस्टिममध्ये ती सेटिंग तशीच का ठेवलीय, हे ती ठेवणाऱ्यालाच माहीत असतं. ते कारण त्याने कुठे लिहिलंच नसेल, तर कितीही बोल्ड करा, ते येणार कुठून?

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. आपल्या प्रोजेक्टची रीडमी साध्या एडिटरमध्ये उघडा आणि टीममध्ये नवीन आलेल्या कुणाला तरी ती मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथली सजावट काढा आणि एक पूर्ण वाक्य लिहा. 'कारण' असलेलं.