तज्ज्ञास प्रश्न विचारतांना

आमचा एक जुना विद्यार्थी आतां तालुक्याच्या गांवीं वकिली करतो. परवां तो सायंकाळीं घरीं आला. त्याच्याकडे दोन सख्ख्या भावांचा दावा आहे. वडिलांच्या मृत्युपत्रावरील सही खोटी, असें हस्ताक्षरतज्ज्ञाचें मत पडलें आहे. तें टिकलें तर त्याच्या अशिलास, म्हणजे धाकट्यास, राहतें घर विकून वांटणी द्यावी लागेल. "गुरुजी, एवढ्या जाणत्या माणसास मीं काय विचारावें?" असा त्याचा प्रश्न.

आम्ही म्हटलें, "बाळ, तूं आमच्यापाशीं तर्कसंग्रह वाचलास ना? पर्वतावर अग्नि आहे, एवढी प्रतिज्ञा ऐकून नैयायिक स्वस्थ बसत नाहीं. तो हेतु विचारतो. कायद्याचेंही तसेंच. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तज्ज्ञाच्या मतामागील कारणें पुढें आणण्याची मुभा पूर्वीप्रमाणेंच आहे."

मग आम्हीं त्यास फ्रान्समधील द्रेफ्यूसची हकीकत सांगितली. १८९४ सालीं एका निनावी चिठ्ठीवरून या लष्करी अधिकाऱ्यावर फितुरीचा आरोप आला. पॅरिस पोलिसांतील बर्तिलाँ शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्यांत प्रसिद्ध. पण साक्ष दिली हस्ताक्षराची! अक्षर जुळलें तेथें तें द्रेफ्यूसचें. जुळलें नाहीं तेथें त्यानें मुद्दाम बदललेलें! साम्यही पुरावा आणि भेदही पुरावा. द्रेफ्यूस दूरच्या बेटावर बंदिवासांत गेला. १९०४ सालीं प्वाँकारे आदि तीन गणितज्ञांनीं बर्तिलाँचें गणित तपासून निराधार ठरविलें, आणि १९०६ सालीं द्रेफ्यूस निर्दोष ठरला.

तेव्हां वकिलानें आधीं त्या विद्येचे ग्रंथ वाचावे, मूळ कागद स्वतः पाहावा, आणि मग नम्रपणें विचारावें: आपण मूळ सही पाहिली कीं छायाप्रत? तुलनेस किती सह्या घेतल्या, व त्या कोणत्या सालच्या? दुखण्यांत हात कांपतो, हें लक्षांत घेतलें काय? आणि शेवटीं, काय आढळलें असतें तर आपलें मत बदललें असतें?

"पण उत्तरें माझ्याच अशिलावर उलटलीं तर?" त्यानें विचारलें.

"म्हणूनच हे प्रश्न आधीं अशिलास विचार," आम्ही म्हटलें. "सही खरोखरच खोटी असेल, तर तें तुला कोर्टांत नव्हे, आपल्या कचेरींत कळलें पाहिजे."

तो बराच वेळ गप्प बसला. निघतांना म्हणाला, "उद्यां सकाळीं त्यालाच बोलावतों."