नाताळात काय पाहावे? झाडीपट्टीचे उत्तर

१/ डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की 'सुट्टीत काय पाहाल' अशा याद्यांचा पूर येतो. दहा चित्रपट, पाच मालिका आणि सोबत एक ठरलेला उसासा : 'पूर्वी लोक रात्र-रात्र नाटके पाहत, टीव्ही आला आणि ते सारे संपले.' या थ्रेडमध्ये त्या उसाशाचा समाचार घ्यायचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांपुरते तरी ते विधान साफ खोटे आहे.

२/ आधी नाताळ आणि टीव्ही यांचे नाते पाहू. २५ डिसेंबर १९५७ रोजी राणी एलिझाबेथ यांचे नाताळचे भाषण प्रथमच टीव्हीवर दिसले. २५ डिसेंबर १९८६ रोजी बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' या मालिकेला सुमारे ३ कोटी प्रेक्षक लाभले. कडाक्याची थंडी, दुपारीच पडणारा काळोख, बंद बाजारपेठा आणि घरात जमलेले आप्त यांतून ती प्रथा रुजली. तिच्या भूमीत ती शोभून दिसते.

३/ आपण मात्र ती प्रथा उचलताना एक प्रश्न विचारायचा विसरलो : याच दिवसांत आपल्याकडे लोक काय पाहत होते? आणि आज काय पाहतात? महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला या प्रश्नाचे ठसठशीत उत्तर आहे. त्याचे नाव झाडीपट्टी रंगभूमी.

४/ झाडी म्हणजे अरण्य. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला वैनगंगेच्या आसपासचा धानाचा, तलावांचा आणि जंगलांचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. येथली बोली झाडीबोली. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककला येथे जुन्या काळापासून नांदत आल्या. याच मातीत नाटकाचा हा स्वतंत्र संसार उभा राहिला.

५/ या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास मावळतो. म्हणजे नाताळ आला तेव्हा तो ऐन भरात असतो. धान घरात आलेले, हातात चार पैसे, रात्री थंड. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री मंडपात पडदा उघडतो. नाटक रात्री उशिरा सुरू होते, ते पहाट होईपर्यंत चालते. गाणी जिवंत, वाद्ये जिवंत, प्रेक्षकांची दादही जिवंत.

६/ या संसाराची राजधानी वडसा, म्हणजेच गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे हे गाव. हंगामात येथे नाट्यमंडळांची कार्यालये गजबजतात. गावोगावची आयोजक मंडळी येतात, नाटक निवडतात, तारीख ठरवतात, बिदागी ठरवतात. तिकिटे गावच विकते. नफा झाला तर गावाचा, तोटा झाला तर तोही गावाचा.

७/ आता 'टीव्ही आला आणि संपले' या दाव्याकडे वळू. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे राष्ट्रीय रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. हा जिल्हा आणि रंगीत टीव्ही अक्षरशः समवयस्क आहेत. नाटक दोघांहूनही वडील.

८/ १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिकेने देशभरातले रस्ते ओस पाडले. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, घराच्या छतावर तबकडी आली, मग खिशात मोबाईल आला. प्रत्येक वेळी मृत्युलेख लिहिले गेले. प्रत्येक दिवाळीनंतर वडशात पुन्हा फलक लागले.

९/ असे का? कारण येथे नाटक ही नुसती करमणूक नाही. त्या निमित्ताने सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, दूरचे सोयरे मुक्कामी राहतात, लग्ने जुळतात. टीव्ही घरातल्या माणसांना एका खोलीत बसवतो. मंडई दहा गावच्या माणसांना एका मंडपात आणते. ही गरज टीव्हीने कधी भागवलीच नाही. मग तो तिची जागा कशी घेणार?

१०/ याची कसोटीही लागली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी आणली. प्राण्यांच्या यातनांचा तो प्रश्न खराच होता. महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. ज्या पटाच्या आधाराने नाटक वाढले, तो पट इतकी वर्षे अडला. नाटक मात्र चालत राहिले.

११/ कोणी म्हणेल, 'ही नाटके भडक असतात. त्यांत सिनेमाची नक्कल असते, फलकांवर मुंबईच्या मालिकांतले चेहरे झळकतात.' आक्षेप निराधार नाही. पण त्याचा अर्थ नीट लावा. ज्या माध्यमाने या रंगभूमीला गिळले असे आपण समजतो, त्याच माध्यमातले कलावंत कामासाठी तिच्या मंडपात येतात. शिकार झालेल्याच्या दारी शिकारी पाहुणा म्हणून येत नसतो.

१२/ आणि एक हिशेब. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट. १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची, सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची वाहिनी चंद्रपूरची वीज ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत पोहोचवते. मुंबई परिसरातल्या दिवाणखान्यांचा उजेड असा या मातीतून जातो. कोळसा येथला, राख येथली. पडद्यावर मात्र हा प्रदेश दोनच रूपांत दिसतो : ताडोबातला वाघ किंवा गडचिरोलीतली बंदूक.

१३/ डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी राज्यभरातले कॅमेरे नागपुरात मुक्काम ठोकतात. तेथून काही तासांच्या अंतरावर, त्याच रात्री, गावेच्या गावे नाटक पाहत जागी असतात. कॅमेरे बहुधा तिकडे वळत नाहीत. अंतर रस्त्याचे नाही, दृष्टीचे आहे.

१४/ इतिहासलेखनाचाही दोष आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ च्या सांगलीपासून, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून सांगतो. पुढे पुणे, मुंबई, आणि पुस्तक मिटते. झाडीपट्टीला मिळालीच तर तळटीप. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या दिवशी किती नाट्यप्रेमींनी 'हे कोण?' असे विचारले असेल, याचा विचार करावा.

१५/ खरे भय टीव्हीचे नाही, विस्मृतीचे आहे. प्रयोग पहाटे संपतो, मंडप उतरतो, फलक फाटतो. हस्तलिखित संहिता पेटीत कुजते. जे नोंदले जात नाही, ते पुढची पिढी 'नव्हतेच' असे समजते. मग एखादा विद्वान निर्धास्त लिहितो : टीव्ही आला आणि ते संपले.

१६/ तेव्हा इतिहासप्रेमी मित्रांनो, या नाताळात काय पाहावे? वडशाची गाडी पकडा. तिकीट काढा, घोंगडी घ्या, पहाटेपर्यंत बसा. नाटक आवडले नाही तर तसे खुशाल लिहा. पण पाहून लिहा. फलकाचे छायाचित्र घ्या, गाव आणि तारीख टिपा. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी पाहिलेले पहिले नाटक विचारा आणि उत्तर जपून ठेवा. टीव्हीवरचे कार्यक्रम जानेवारीतही सापडतील. त्या म्हाताऱ्यांची आठवण तोवर थांबेलच, याची खात्री नाही.