विश्लेषण : दुचाकीला सिंथेटिक ऑइल हवेच का?

कोल्हापुरातून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्याची शंभर-सव्वाशे सीसीची गाडी सर्व्हिसिंगला लागली, की मेकॅनिकचा प्रश्न ठरलेला : ‘सिंथेटिक टाकू की साधंच?’ दोन्हींच्या किमतीत बऱ्याचदा दुपटीचा फरक असतो. हे जादा पैसे प्रत्येक गाडीसाठी कामी येतात असे नाही.

फरक नेमका कशात?

साधे म्हणजे मिनरल ऑइल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. त्यातील रेणू लहान-मोठे असतात. सिंथेटिकमध्ये रासायनिक प्रक्रियेने ते बरेचसे एकसारखे केलेले असतात. त्यामुळे जास्त उष्णतेत ते टिकते. सेमी सिंथेटिक हे दोन्हींचे मिश्रण. मात्र प्रमाण किती, हे डब्यावर सहसा नसते.

कोकणातून डबलसीट परतताना करूळ किंवा आंबा घाट चढायचा, तर गाडी खालच्या गिअरवर असते, इंजिन जोरात फिरते आणि वेग कमी असल्याने वारा कमी लागतो. एअरकूल्ड इंजिनातील ऑइल अशा वेळी चांगलेच तापते. असा प्रवास नेहमीचा असेल, तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतात. काही ताकदवान गाड्यांना कंपनीच ते सांगते. तिथे काटकसर नको. रोजच्या वीस-पंचवीस किलोमीटरसाठी मात्र कंपनीने सांगितलेले मिनरल ऑइल वेळेवर बदलले तरी पुरते. सिंथेटिक टाकून ऑइल बदलायचेच विसरणे हे त्याहून वाईट.

डब्यावर काय पाहायचे?

आधी ग्रेड. ‘१०डब्ल्यू-३०’मधला पहिला आकडा थंड इंजिनातील, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. ‘दाट ऑइल बरं’ म्हणून मॅन्युअलमधील १०डब्ल्यू-३०ऐवजी २०डब्ल्यू-५० भरण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याने ॲव्हरेज घटू शकते.

मग ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण. जासो हे जपानी मानक आहे. बहुतेक गिअरच्या दुचाकींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल लागते. क्लच प्लेट त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती या प्लेटना घसरवतात. मग रेस वाढते, गाडी मात्र पळत नाही. घरात कारचे उरलेले ऑइल आहे म्हणून दुचाकीत ओतू नये, ते कितीही महाग असो. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला ‘एमबी’ खुणेचे ऑइल चालते.

ऑइल काळे पडले म्हणजे संपले, असेही नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. बदलायचे ते मॅन्युअलमधील किलोमीटर आणि महिने पाहून. मध्ये एकदा गाडी सपाट जागी सरळ उभी करून पातळी तपासावी. पातळी सारखी खाली जात असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर महागडे ऑइलही तसेच जळणार. आधी पिस्टन-रिंग दाखवून घ्याव्यात.