शोधसुविधा : सोय नव्हे, कर्तव्य

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध करून त्यांची निर्देशसूची ठेवणे सार्वजनिक प्राधिकरणास बंधनकारक आहे. संकेतस्थळावरील शोधसुविधा हे त्या निर्देशसूचीचेच आजचे रूप होय. मात्र विभाग व दिनांक निवडल्यावरच जे पान विदागारातून तयार होते, तेथवर दुव्यांमागून फिरणारे शोधयंत्र सहसा पोहोचत नाही. म्हणून शोध थेट विदागारातच घेतला गेला पाहिजे. आणि आदेश हे स्कॅन केलेले चित्र न राहता युनिकोड मजकूर असले पाहिजेत. परराज्यात राहून गावच्या जमिनीविषयीचा शासन निर्णय शोधणाऱ्या मराठी माणसास मंत्रालयात खेटे घालणे शक्य नसते. जो आदेश सापडतच नाही, तो प्रसिद्ध केला असे प्रशासनाने कोणत्या तोंडाने म्हणावे?