सर्वोत्तम ठरवताना आपण काय मोजतो?

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वस्तीतल्या किशोरी गटाच्या मुली अंगणवाडीच्या खोलीत जमल्या होत्या. विषय ठरला होता आहार आणि रक्तपांढरी. पण शाळेकडून आठशे मीटर धावणाऱ्या एका मुलीनं मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "ताई, जगातली या वर्षीची सर्वोत्तम ॲथलीट कोण, त्याचं मतदान चाललंय. मी कुणाला मत देऊ?" झालं! आहार बाजूला राहिला आणि दीड तास आमचं भांडण चाललं. ते भांडण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून मैत्रिणींनो, ते तुमच्यापुढे मांडते आहे.

पुरस्कार जागतिक ॲथलेटिक्स महासंघाचा. १९८८ पासून तो एका पुरुषाला आणि एका बाईला दिला जातो. त्या वर्षी बायकांमध्ये सहा नावं शेवटपर्यंत उरली होती. कौन्सिलचं मत निम्मं, महासंघाच्या परिवारातल्या मंडळींचं पाव आणि सामान्य चाहत्यांचं पाव, अशा वाटणीनं ती निवडली गेली होती.

एका मुलीचं मत अमेरिकेच्या सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोनला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत तिनं ५०.३७ सेकंदांत संपवली. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम एकाच धावेत. या शर्यतीत तिनं विक्रम करण्याची ही सहावी वेळ. "घड्याळ खोटं बोलत नाही," मुलगी म्हणाली.

दुसरीचं मत केनियाच्या बिॲट्रिस चेबेटला. पाच हजार आणि दहा हजार मीटर, दोन्हीत सोनं. शिवाय मे महिन्यात दहा हजार मीटर २८ मिनिटं ५४.१४ सेकंदांत धावून २९ मिनिटांच्या आत येणारी ती पहिली बाई ठरली होती. "सिफान हसनला तिनं दोन्ही शर्यतींत मागे टाकलंय. मग हसन वरचढ कशी?" या प्रश्नाला तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिसरीनं युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखचं नाव घेतलं. ७ जुलैला तिनं २.१० मीटर उंच उडी मारून १९८७ पासून टिकलेला विक्रम मोडला आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकचं सोनं घेतलं. २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तीन दिवस मोटारीनं प्रवास करून ती स्पर्धेला पोचली होती आणि जिंकलीही होती. चौथीनं केनियाच्या रूथ चेपनगेटिचसाठी हात वर केला, कारण ऑक्टोबरमध्ये तिनं शिकागोला मॅरेथॉन २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत पूर्ण केली होती. सप्तक्रीडेत लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणाऱ्या बेल्जियमच्या नाफिसातू थियामला मात्र आमच्याकडे एकही मत पडलं नाही. मुली म्हणाल्या, सात खेळांचे गुण मोजत कोण बसणार! आमचा तराजूही काही फार न्यायी नव्हता.

एवढा वेळ खिचडीच्या पातेल्यापाशी बसून ऐकणाऱ्या अंगणवाडीताईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला. "बाळंतपण झाल्यावर परत पळायला आलेली कुणी नाही का गं?"

मला केनियाची फेथ किप्येगॉन आठवली. २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. त्यानंतर पंधराशे मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण तिनं २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा मिळवलं. त्याच वर्षी ३ मिनिटं ४९.०४ सेकंदांचा नवा जागतिक विक्रमही केला. तरी शेवटच्या सहांत तिचं नाव नव्हतं. त्या वर्षीच्या निकालावर वर्षाचा पुरस्कार द्यायचा, हे मला मान्य आहे. पण बाईच्या वर्षात काय काय मावतं, हे त्या निकालात कुठे दिसतं? अमेरिकेची ॲलिसन फेलिक्स ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी. तिच्यासारखीलाही २०१९ मध्ये उघडपणे लिहावं लागलं, की आई झाल्यावर पुरस्कर्ती कंपनी आपल्याला पूर्वीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ करते आहे. ती बोलली, इतरजणीही बोलल्या, तेव्हा कुठे कंपनीनं नियम बदलले.

आपण वर्षानुवर्षं सांगतो आहोत की बाईचं घरकाम मोजलं जात नाही, म्हणून ते काम ठरत नाही. खेळातही तेच आहे. जे मोजायचं ठरतं तेच कर्तृत्व. आणि काय मोजायचं, हे ठरवणाऱ्यांत बायका फार उशिरा आल्या.

ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत बायकांना पहिला प्रवेश १९२८ मध्ये मिळाला. त्या वर्षी ॲमस्टरडॅमला बायका आठशे मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या म्हणून तिखटमीठ लावून बातम्या दिल्या. ही शर्यत बायकांसाठी बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. शर्यतीनंतर पुरुष दमला तर तो जिवावर उदार होऊन धावला, आणि बाई दमली तर ती नाजूक! बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. तीन हजार मीटर स्टीपलचेस तर २००८ मध्ये आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. शर्यतच नसती तर दुष्काळी माणची ही मुलगी कुठे धावली असती? सर्वोत्तम कोण हे विचारण्याआधी मैदान कुणाला मिळालं हे विचारायला हवं, ते यासाठी.

आता माझं मत. मी नेदरलँड्सच्या सिफान हसनला दिलं. कारणं सांगते.

हसन मूळची इथिओपियाची. २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. तिथे परिचारिकेचं शिक्षण घेत धावत राहिली. पॅरिसमध्ये तिनं पाच हजार मीटरला कांस्य घेतलं, दहा हजार मीटरला कांस्य घेतलं आणि त्यानंतर दीड दिवसानं मॅरेथॉनला उभी राहिली. प्राथमिक फेरी धरून दहा दिवसांत नाही म्हणायला बासष्ट किलोमीटरची स्पर्धा. एका ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यतींत पदक मिळवणारा तिच्या आधीचा धावपटू होता एमिल झाटोपेक, १९५२ चा. दोन शर्यती सोडून ती ताजीतवानी मॅरेथॉनला उतरू शकत होती. तिनं हरण्याची जोखीम पत्करली आणि दोनदा चेबेटच्या मागे राहूनही ती तिसऱ्यांदा उभी राहिली. त्या बिनतोड प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

ही मॅरेथॉन ११ ऑगस्टची. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी, पुरुषांच्या नंतर ठेवण्याची ही पहिलीच वेळ. तिचा मार्ग आखला होता पॅरिस नगरपालिकेपासून व्हर्सायकडे जाऊन परत, म्हणजे ऑक्टोबर १७८९ मध्ये बाजारातल्या बायका भाकरीचा जाब विचारायला राजाच्या दारी चालत गेल्या त्या मोर्चाच्या आठवणीत. हसननं २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत ती जिंकली. इथिओपियाची तिगिस्त असेफा फक्त तीन सेकंद मागे होती. शेवटच्या वळणावर दोघींची धक्काबुक्की झाली. इथिओपियानं तक्रार केली, ती फेटाळली गेली. पदक घ्यायला हसन हिजाब घालून आली. धावताना तिनं तो घातला नव्हता. त्याच स्पर्धेत यजमान फ्रान्सनं आपल्या खेळाडू मुलींना हिजाबची बंदी केली होती. बाईनं डोक्यावर काय घ्यावं, काय नाही, हे मुल्लामौलवींनी ठरवू नये आणि मंत्र्यांनीही ठरवू नये, एवढं तर आपल्या सगळ्या गटांना मान्य व्हावं.

१ डिसेंबरला मोनॅकोत पुरस्कार हसनलाच जाहीर झाला. माझं मत जिंकलं म्हणून मला आनंद झाला. रूथसाठी हात वर करणारी मुलगी मात्र पुढच्या वर्षी हिरमुसून आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये रूथवर उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात तीन वर्षांची बंदी आली. नमुना मार्च २०२५ चा, म्हणून शिकागोचा विक्रम पुस्तकात राहिला. घड्याळ खोटं बोलत नाही हे खरं, पण ते सगळं सांगत नाही हेही खरं.

पण हा लेख मी हसनसाठी लिहायला घेतलेला नाही. त्याच ११ ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये, त्याच व्हर्सायच्या रस्त्यावर युगांडाची रेबेका चेप्टेगेई धावली. ती ४४ वी आली. तेहतीस वर्षांची, युगांडाच्या सैन्यात नोकरीला, दोन मुलींची आई. सराव केंद्रं जवळ पडावीत म्हणून तिनं केनियात सरहद्दीजवळ जमीन घेऊन घर बांधलं होतं. तीन आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, मुलींना घेऊन ती चर्चमधून परत आली. तिच्याबरोबर पूर्वी राहिलेल्या पुरुषानं तिच्यावर पेट्रोल ओतून तिला पेटवलं. वाद होता त्या जमिनीचा. ५ सप्टेंबरला ती गेली. पोलिसांकडे आधीच तक्रार केली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितलं.

हे वाचताना तुम्हाला काय आठवलं ते मला ठाऊक आहे. 'स्टोव्हचा भडका उडाला' असं लिहून बंद झालेल्या फायली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जळिताच्या वॉर्डात जबाब घ्यायला आपण बसलो आहोत. फरक एवढाच, की ही बाई ऑलिंपिकला जाऊन आलेली होती. बाई कमावती झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, की हिंसा थांबेल, असं आपणही कधीकाळी मानत होतो. इथे तर तिच्या पायांनी मिळवलेल्या जमिनीवरूनच तिचा जीव गेला.

आणि ती पहिली नव्हती. केनियाची ॲग्नेस तिरोप, दोन जागतिक स्पर्धांत दहा हजार मीटरची कांस्यपदक विजेती. सप्टेंबर २०२१ मध्ये तिनं फक्त बायकांच्या दहा किलोमीटर शर्यतीत जागतिक विक्रम केला. पुढच्याच महिन्यात इटेनमधल्या राहत्या घरी तिला भोसकून मारलं. वय पंचवीस. आरोपी नवरा. तिच्या मैत्रिणी रडून थांबल्या नाहीत. धावपटू व्हायोला चेप्टू आणि इतरजणींनी 'तिरोप्स एंजल्स' नावाची संघटना काढली आणि मारहाण सोसणाऱ्या खेळाडूंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जे काम महासंघांनी करायचं ते आपल्यासारख्याच बायकांनी अंगावर घेतलं.

काहीजणी म्हणतील, खेळाच्या पुरस्कारात ही समाजसेवा कशाला? मलाही रेबेकाला वर्षाची सर्वोत्तम खेळाडू ठरवायचं नाही. दयेचे गुण कुणाही खेळाडूला नको असतात. पुरस्कार कामगिरीलाच मिळावा. माझं म्हणणं असं आहे, की बाईचे सेकंद जो मोजतो, त्यानं तिच्या जगण्याचाही हिशेब द्यावा. पॅरिसमध्ये महासंघानं ॲथलेटिक्सच्या प्रत्येक सुवर्णपदकाला पन्नास हजार डॉलर दिले, बाईला आणि पुरुषाला सारखे. चांगलं केलं. पण ते पैसे कुणाच्या खात्यात जातात? खेळाडू बाईचा नवराच तिचा प्रशिक्षक, तोच व्यवस्थापक आणि बँकेचं पुस्तक त्याच्या हातात, असं असेल तर? बचतगटाचं कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा नवऱ्याच्या खिशात, हे आपण रोज पाहतो. म्हणून मागण्या अशा : खेळाडूची कमाई तिच्या एकटीच्या खात्यात आणि मालमत्ता तिच्या नावावर राहील याची तजवीज, धमकीची तक्रार आली तर तिला राहायला सुरक्षित जागा आणि वकील, बाळंतपणाच्या काळात मानधन चालू, आणि प्रशिक्षकाविरुद्ध दाद मागायला महासंघाबाहेरची समिती. ज्या देशाचा महासंघ हे करत नाही, त्याच्या पदाधिकाऱ्यांना पुरस्काराच्या रात्री पहिल्या रांगेत बसवू नका.

या मागण्या आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलालाही लागू आहेत. तिथे मुलींना शिकवायला कोण येतं, कपडे बदलायला खोली आहे का, संध्याकाळी घरी सोडायला कोण जातं, तक्रार कुणाकडे करायची, हे तुमच्या गटानं एकदा जाऊन विचारावं आणि काय उत्तर मिळालं ते या अंकाकडे लिहून पाठवावं.

आमची आठशे मीटरवाली मुलगी अजून धावते. परवा ती म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी जिल्ह्याला पहिली आले तर बक्षिसाचे पैसे माझ्या खात्यात टाकायचे हं. मी आधीच घरी सांगून ठेवलंय."