देह बदलताना समाज कोठे असतो?

सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे विदर्भातील रुग्ण वर्धा जिल्ह्याकडे आशेने पाहतात. परंतु याच जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील पारलिंगी स्त्रीला, म्हणजे जन्मतः पुरुष म्हणून नोंद होऊनही जी अंतर्यामी स्वतःला स्त्री मानते तिला, आपल्या देहाविषयी प्रश्न पडला तर तो तिने कोणाला विचारावा? घरात तोंड उघडण्याची सोय नाही. दवाखान्याच्या रांगेत हेटाळणीची भीती. मग उरते औषधाचे दुकान आणि ऐकीव सल्ला. धोक्याचा आरंभ तेथेच होतो.

वैद्यकशास्त्राने या उपचारांची पद्धत निश्चित केली आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आणि टेस्टोस्टेरॉनला आवर घालणारे औषध दिल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होऊ लागते, स्नायूंचा भरीवपणा ओसरतो, मेद नितंब व मांड्यांकडे वळतो आणि स्तनांची वाढ सुरू होते. ही वाढ पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. कामेच्छा त्याआधीच मंदावते, शुक्राणूंची निर्मिती घटते आणि पुढे अपत्यप्राप्तीची शक्यता कायमची दुरावू शकते. मात्र फुटलेला आवाज पुन्हा कोवळा होत नाही, दाढी केवळ गोळ्यांनी जात नाही, उंची व हाडांची ठेवण बदलत नाही. हे आधी न सांगितल्यास घाईने अधिक मात्रा घेण्याचा मोह होतो.

हा मोह जिवावर बेतू शकतो. अनेक गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडिऑलमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच या उपचारांत ते वर्ज्य मानले जाते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि त्या आजारात गुठळीचे भय मुळातच अधिक. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी हवी, ती यासाठीच.

हे सारे पाश्चात्त्य फॅड आहे, असे काही सज्जन म्हणतात. ज्या समाजाने अर्धनारीश्वराची पूजा केली, बृहन्नडा आणि शिखंडी यांना महाभारतात स्थान दिले, त्याला हे म्हणणे शोभत नाही. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात किन्नर आखाडा भाविकांनी पाहिला. बारशाला ज्यांचा आशीर्वाद घ्यावयाचा, त्यांनाच आजारपणात दार बंद करावयाचे, हा कुठला धर्म?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांना मान्यता दिली. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याने संप्रेरक उपचार व त्यापूर्वीचे-नंतरचे समुपदेशन यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण कायदा कागदावर असतो. रांगेत माणूस उभा असतो.

शेतकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावांना आरोग्यविम्याचे छत्र देण्याची कल्पना सेवाग्रामच्याच भूमीत रुजली. त्या परंपरेला साजेसे काम म्हणजे ठरावीक दिवशीचा बाह्यरुग्ण विभाग, खरी माहिती आणि सन्मानाने उच्चारलेले नाव. निर्णय सज्ञान व्यक्तीने पूर्ण विचारांती घ्यावा, घाई कोणीही करू नये. कुटुंबाने मात्र एवढे तरी करावे : आपल्या लेकराला एकटे दुकानाच्या पायरीवर पाठवू नये, डॉक्टरांकडे सोबत जावे.