परक्या जागेवरचे घर

अमेरिकेत ३ एप्रिल २०१० रोजी अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी त्याचे ३ लाख नग खपले. पाटीएवढ्या त्या यंत्रावर बोट फिरविताच पाने उलटत, चित्रे लहानमोठी होत. परंतु कित्येक संकेतस्थळे उघडली की ऐन मध्यभागी एक रिकामा चौकोन दिसे. त्या चौकोनातील चलचित्र, खेळ अथवा आलेख ‘फ्लॅश’ या प्रणालीत बांधलेला असे आणि आयपॅडने त्या प्रणालीला प्रवेशच दिला नव्हता. फ्लॅशवर हात बसविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या कारागिरांपुढे त्यामुळे अवघड प्रश्न उभा राहिला. एकीकडे घराघरांतील बहुतेक संगणकांवर आधीच बसलेले फ्लॅश होते, तर दुसरीकडे काही लाख लोकांच्या हाती आलेले नवे यंत्र. हातची विद्या सांभाळावी की नव्या यंत्रामागे जावे? तो वाद आज निकालात निघाला आहे. परंतु त्यातून घ्यावयाचा धडा अजून पुरता घेतला गेलेला नाही.

फ्लॅश लोकप्रिय का झाले, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. १९९० च्या दशकात ब्राउझरांचे आपापसांत पटत नसे. एकात नीट दिसणारे पान दुसऱ्यात मोडून पडे. हलते चित्र, आवाज वा व्हिडिओ दाखविण्याची ब्राउझरची स्वतःची शक्तीही तोकडी होती. १९९६ साली पुढे आलेल्या, प्रथम मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ साली अ‍ॅडोबी कंपनीकडे गेलेल्या या प्रणालीने ती उणीव भरून काढली. छोटे पूरक साधन एकदा बसविले की तेच चित्र सर्वत्र सारखे दिसे. शालेय पाठांपासून खेळांपर्यंत असंख्य गोष्टी त्यात रचल्या गेल्या. ज्यांनी फ्लॅश निवडले ते अविचारी होते, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्या काळी त्याहून सोयीचे साधन नव्हते.

अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २९ एप्रिल २०१० रोजी एक जाहीर पत्र लिहून आपल्या नकाराची कारणे मांडली. फ्लॅश एकाच कंपनीच्या मुठीत आहे, ते संगणक बंद पाडते, सुरक्षिततेत उणे आहे आणि यंत्रातील वीज लवकर संपविते, असे आक्षेप त्यात होते. आणखी एक मुद्दा कारागिरांना विशेष झोंबणारा होता. फ्लॅशमधील अनेक रचना माऊसचा बाण नुसता वर आणला की उघडत. बोटाला मात्र असे ‘नुसते वर येणे’ ठाऊक नाही, ते टेकते किंवा टेकत नाही. नव्या यंत्रासाठी पुष्कळशी जुनी कामे नाहीतरी पुन्हा करावी लागणार होती. या आक्षेपांत तथ्य होते, हे नाकारता येणार नाही.

परंतु खुलेपणाची ही शिकवण कोणाच्या मुखातून येत होती, हेही पाहावयास हवे. अ‍ॅपलच्या यंत्रावर कोणती प्रणाली चालावी हे अ‍ॅपलच ठरवी, तेथील दुकानातील विक्रीचा तीस टक्के वाटा तीच घेई. त्याच एप्रिलमध्ये तिने अशी अट घातली की, फ्लॅशसारख्या परक्या साधनाने बनविलेले अ‍ॅपही तिच्या दुकानात चालणार नाही. सप्टेंबरमध्ये ती शिथिल झाली. परंतु पाच महिन्यांत दोनदा नियम फिरले की लहान कारागिराचे काय होते, याचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात मांडला जात नाही. एका मक्तेदाराच्या जाचातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहणे, ही सुटका नव्हे. खरा तिसरा मार्ग एचटीएमएल-५ या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या मानकाचा होता. २०१० साली तो अपुरा होता, त्याला अंतिम मान्यता मिळावयास २०१४ साल उजाडले. तथापि टिकला तो तोच.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबविला आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधारच काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून अ‍ॅडोबीने त्यातील मजकूर चालणेही बंद केले. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज तेव्हाही फ्लॅशमध्येच होते. ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला चक्क स्वतःचा ब्राउझर लोकांना द्यावा लागला. दैवाचा खेळ असा की, फ्लॅशचा मूळ पूर्वज १९९३ च्या सुमारास पेनने चालणाऱ्या संगणकांसाठीच, म्हणजे टॅबलेटच्याच पूर्वजांसाठी, बनविला गेला होता. ती यंत्रे चालली नाहीत म्हणून तो टेबलावरील संगणकाकडे वळला. आणि शेवटी टॅबलेटनेच त्याच्या वंशजाला दार बंद केले.

फ्लॅशमधील कित्येक कामे इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून ‘रफल’ या स्वयंसेवकांनी घडविलेल्या प्रणालीच्या आधारे पुन्हा पाहण्याजोगी केली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जे कोणी जपून ठेवले नाही, ते गेले.

हे दुखणे मराठी माणसाला नवे नाही. युनिकोडचा वापर रुळेपर्यंत मराठी मजकूर संगणकावर ज्या त्या कंपनीच्या फाँटमध्ये टंकला जाई, आणि एकाच ‘क’ला प्रत्येक फाँटमध्ये निराळा क्रमांक असे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कचेरीचे पत्र किंवा शाळेची प्रश्नपत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, देवनागरीचा समावेश झाला होता. तरी सवय आणि सोय यांपायी अनेक ठिकाणी जुनेच चालू राहिले. ते मजकूर आज वाचावयाचे तर आधी त्यांचे रूपांतर करावे लागते. तेथेही अक्षरे आपली होती. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला होती.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. मानक वापरण्यासाठी स्वामित्वशुल्क पडू नये, हे त्याचे एक तत्त्व आहे. धोरण कागदावर आहे. त्याची कसोटी प्रत्येक कचेरीत आणि शाळेत लागते. अमुकच कंपनीचे साधन असेल तरच अर्ज उघडेल किंवा पाठ दिसेल, अशी व्यवस्था जेव्हा सार्वजनिक पैशाने उभी केली जाते, तेव्हा नागरिकाच्या दप्तराची किल्ली परक्या हाती जाते. खरेदीपूर्वी एकच प्रश्न विचारला जावा: ही कंपनी उद्या बंद पडली, किंवा तिचे मन बदलले, तर हा मजकूर आपणास उघडता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल तर ते साधन कितीही देखणे, कितीही स्वस्त असले तरी महाग समजावे.

तरुण कारागिरालाही हेच सांगावयाचे. साधने येतील आणि जातील; त्यांचा वापर जरूर करावा. परंतु चित्र कसे हलते, मांडणी कशी साधते, वाचणाऱ्याचे लक्ष कोठे जाते, ही विद्या कोणत्याही कंपनीची नसते. फ्लॅश सोडून पुढे गेलेल्यांनी हीच विद्या बरोबर नेली. ती आणि आपला मूळ मजकूर खुल्या स्वरूपात ज्याच्यापाशी आहे, त्याला नव्या यंत्राचे स्वागत निर्धास्तपणे करता येते.